मजा करा

क्लोनडॉकिन,
१० फेब्रुवारी २०१९

गिरीश भावजी यांस,

पत्राच्या सुरुवातीला खुशाली विचारायची असते. तीन वर्षं मी ती विचारलेली नाही, आज विचारली तर तुम्हालाही खोटी वाटेल. म्हणून सरळ मुद्द्यावर येते.

तुमचं पाकीट गुरुवारी दारात पडलं. तुमच्या घरापासून माझ्या घरापर्यंत दोन बस लागतात, तरी पोस्टाने पाठवलंत ते बरं केलंत. स्वतः आला असतात तर मी दार उघडलं नसतं आणि शेजारच्या म्हातारीने तुम्हाला आत बोलावून चहा पाजला असता. तिला तुम्ही अजून आवडता. 'तुझा तो हसरा दीर कुठे असतो गं?' म्हणून अधूनमधून विचारते. मी 'बिझी' म्हणते. इथे तेवढं सांगितलं की पुरतं.

पाकिटात विमानाचं बुकिंग आहे, चार माणसांचं, तीन मे ते सहा मे. हॉटेलचं बुकिंग आहे. नाव वाचलं. बर्फाच्या डोंगरातलं तेच हॉटेल. माझ्या नावाने व्हिसाची अपॉइंटमेंट आहे, एक मार्चची. आणि तुमच्या हातची चिठ्ठी: 'वहिनी, या वेळी मी सगळं नीट बघितलंय. दादाला जाऊन तीन वर्षं होतील. एकदा चौघं तिथे जाऊन येऊ. त्याशिवाय मला पुढे सरकता येत नाही.'

मी ती चिठ्ठी ओट्यावर ठेवली आणि चाळीस पोळ्या लाटल्या. बिझनेस पार्कमधली तुमच्यासारखीच मुलं आहेत, पुण्यानागपूरची. संध्याकाळी पोळ्या न्यायला येतात. त्यांना चिठ्ठ्यांचं काय. पोळ्या झाल्यावर चिठ्ठी पुन्हा वाचली. 'मी सगळं नीट बघितलंय.' हे वाक्य मी तुमच्या तोंडून पूर्वीही ऐकलं आहे, भावजी.

आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून ती सहल ठरली होती. ह्यांना बर्फ बघायचा होता, तोही माझ्याबरोबर. डब्लिनमध्ये इतकी वर्षं काढून आम्ही गुडघाभर बर्फ कधी पाहिला नव्हता. तुम्ही म्हणालात, 'वहिनी, नवरा आयरिश झाला ना? मग बायकोला व्हिसा लागत नाही. मॅरेज सर्टिफिकेट तेवढं घ्या. मी बघितलंय.' मी म्हटलं, एकदा फोन करून विचारा. तुम्ही हसलात. 'वहिनी, तुम्ही पण ना!' तुम्हा चौघांचे पासपोर्ट आयरिश, मरून रंगाचे; माझा एकटीचा भारताचा, निळा. तो मला बदलवला नाही, ती माझी हौस. पण कुणाच्या पासपोर्टला काय लागतं, हे बघायचं काम तुम्ही अंगावर घेतलं होतंत.

एअरपोर्टवर काउंटरवरच्या मुलीने माझा पासपोर्ट उलटा-सुलटा पाहिला. मी पुण्याहून लॅमिनेट करून आणलेलं सर्टिफिकेट पुढे केलं. तिने ते दोन्ही हातांनी परत दिलं. 'सो सॉरी, लव्ह. व्हिसाशिवाय नाही सोडता येणार.' मागे रांग होती. तुम्ही फोनमध्ये काहीतरी शोधत होतात. तुमची पूर्णिमा माझा दंड धरून उभी होती. हे म्हणाले, 'मग मीही राहतो.' मी म्हटलं, 'कशाला? तुम्ही जा.' ते म्हणाले, 'नक्की?' मी म्हटलं, 'एकदा सांगितलं ना.' दशम्या आणि चटणीची पिशवी त्यांच्या हातात दिली आणि वळले. मागे पाहिलं नाही.

लग्नाच्या पंचविसाव्या वर्षाची सहल माझ्या नवऱ्याने भावाच्या कुटुंबाबरोबर केली. आणि तिथून परत आला नाही.

ते तिथे डोंगरावर काय बोलले, काय जेवले, हे मला तुमच्याकडूनच ऐकावं लागलं. फोनचा चार्जर त्यांच्या बॅगेत गेला होता आणि माझा मोबाइल बंद पडला होता, हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही बातमी दिलीत तीही घरच्या फोनवर. रविवार होता, एक मे. महाराष्ट्र दिनाच्या जेवणासाठी मी श्रीखंडाचा चक्का फेटत होते.

तेराव्याला सगळ्यांसमोर तुम्ही म्हणालात, 'मीच म्हटलं, चल दादा, वर जाऊ.' आणि मी म्हटलं, 'मी तिथे असते तर त्यांना औषध दिलं असतं.' त्यानंतर आपण बोललो नाही. मला वाटतं, बोलायचं काही उरलंही नव्हतं.

तेव्हा माझं तिकीट रद्द करा. मला तिथे काही बघायचं नाही.

प्रमोदिनी


क्लोनडॉकिन,
३ मार्च २०१९

गिरीश भावजी,

तिकीट रद्द केलं नाहीत, असं पूर्णिमाने कळवलं. 'ताई, हे म्हणतात, शेवटच्या दिवसापर्यंत सीट ठेवू.' ठेवा.

मी व्हिसाला जाऊन आले. त्याचा अर्थ मी येते आहे असा लावू नका. कुणीतरी घेतलेली वेळ फुकट घालवायची मला सवय नाही, म्हणून गेले. फॉर्मवर प्रवासाचा उद्देश विचारतात. पर्यटन, व्यवसाय, नातेवाइकांची भेट, असे चौकोन असतात. मी किती तरी वेळ पेन धरून बसले. माझ्या उद्देशाला चौकोन नव्हता. शेवटी पर्यटनावर खूण केली. खोटं लिहिण्याची ती काही पहिली वेळ नव्हती.

आत सोडताना पर्स तपासतात. तिथल्या माणसाने एक एक वस्तू ट्रेमध्ये काढली. एक लहानशी बाटली उचलून म्हणाला, 'हे काय?' मी म्हटलं, औषध. 'तुमचं?' मी म्हटलं, घरातलं. त्याने मागची तारीख वाचली आणि म्हणाला, 'हे केव्हाच संपलंय, मिसेस.' आणि परत पर्समध्ये ठेवलं. चांगला माणूस. दोन्ही हातांचे ठसे घेतले. पोळ्या लाटून माझ्या उजव्या अंगठ्याची रेघ पुसली आहे, तीनदा घ्यावा लागला.

बसमधून येताना एक गोष्ट मनात घोळत राहिली. ती लिहून टाकते.

तुम्ही तिथल्या डॉक्टरकडून मला फोन केला होतात. 'वहिनी, दादाला स्टेंट होता? हे लोक विचारतायत, तुम्हाला माहीत नव्हतं का.' तुमचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. मी उत्तर दिलं नाही. मी म्हटलं, 'तुम्ही व्हिसा नीट बघितला असतात तर मी तिथे असते.' त्या दिवशी तुमच्या प्रश्नाला मी तुमचीच चूक उत्तर म्हणून दिली. आज उत्तर देते.

हो, होता. आदल्या नोव्हेंबरात हे ऑफिसच्या कामाला मलिंगारला गेले होते. तिथे छातीत दुखलं. दोन दिवस तिथल्या हॉस्पिटलात ठेवलं, मग डब्लिनला आणून स्टेंट घातला. तुम्हाला आम्ही 'ट्रेनिंगला गेलेत' असं सांगितलं. तुम्ही म्हणालात, 'मलिंगारला कसलं डोंबलाचं ट्रेनिंग!' आम्ही दोघं हॉस्पिटलच्या पलंगावर बसून हसलो होतो.

तुमच्यापासून लपवायचं कारण आई. मामंजी ह्याच दुखण्याने गेले, तेव्हापासून पुण्यात कुणी नुसता ढेकर दिला तरी आईंचा जीव खालीवर होतो. आपल्या घरची रीत तुम्हाला माहीत आहे. दूर असलेल्या माणसाला दुखणं बरं झाल्यावर सांगायचं. मामंजींचं ऑपरेशन तुम्हाला दोघांना पंधरा दिवसांनी कळलं होतं. हे म्हणाले, 'गिरीशला सांगू नकोस. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. संध्याकाळी सांगितलं तर रात्री आई रडत फोन करेल.' मी मान डोलावली. वर्षभराने सांगू, म्हणाले. वर्ष झालं नाही.

तुम्हाला माहीत असतं तर तुम्ही त्यांना वर नेलं नसतंत, हे मी जाणते. हे आधी लिहायला हवं होतं. माझ्याने झालं नाही.

गेल्या वर्षी ह्याच सुमाराला इथे बर्फ पडला होता, आठवतं? दुकानांतला ब्रेड संपला, बस बंद. शेजारची म्हातारी दारात आली, 'ब्रेड आहे का गं थोडा?' मी तिला सहा पोळ्या दिल्या. लोणी लावून खाल्ल्या तिने, ग्रँड म्हणाली. बाहेर पोरं उतारावर ट्रे घेऊन घसरत होती. मी पडदा ओढून घेतला. माझ्या दारात आलेला बर्फही मी पाहिला नाही, भावजी. तिथला काय बघू?

प्रमोदिनी


क्लोनडॉकिन,
७ एप्रिल २०१९

भावजी,

हे पत्र तुम्ही एकटे असताना वाचा. पूर्णिमाला नंतर दाखवा, दाखवायचं तर.

काल पाडव्याला तुमची मैत्रेयी आली होती. तुम्हाला 'लायब्ररीत जाते' सांगून आली. तिला रागावू नका. दोन बस बदलून, दप्तर पाठीला लावून दारात उभी. पंधरा वर्षांची झाली, माझ्या डोक्यावर गेली. मी श्रीखंड केलं नव्हतं, तीन वर्षं करत नाही. पोळी आणि गुळांबा दिला. ती ओट्यावर बसून खात होती, लहानपणी बसायची तशी.

ती इंग्रजीत बोलते, मी मराठीत. लिहिताना सगळं मराठीतच लिहिते आहे.

म्हणाली, 'काकू, बाबा ऑफिसला जात नाहीत.' मी म्हटलं, अगं चेरीवूडच्या ऑफिसला जातात ना, पूर्णिमा म्हणत होती. 'जातात. पार्किंगमध्ये गाडीत बसतात. पाच वाजता घरी येतात. मी त्यांच्या ऑफिसमधल्या एकाला विचारलं. जानेवारीपासून सिक लीव्हवर आहेत. आईला माहीत नाही.' आणि मग म्हणाली, 'ते झोपेत म्हणतात, चल दादा, चल दादा. माझ्या खोलीत ऐकू येतं.'

मी गॅस बंद केला.

ती खाली बघून म्हणाली, 'काकू, तुझा फोन बंद नव्हता.'

मी तवा उतरवून ठेवला.

'मी तिथे होते. हॉटेलच्या व्हरांड्यात. काकांनी मला दाखवलं.'

आता मी तुम्हाला जे सांगते आहे ते तुमच्या लेकीला तीन वर्षं माहीत आहे. ह्यांनी म्हटलं होतं, गिरीशच्या तोंडात तीळ भिजत नाही. तुमच्या लेकीच्या तोंडात तो तीन वर्षं भिजला. बारा वर्षांची पोर तेराव्याला माझ्यासमोर बसली होती. मी सगळ्यांना चार्जरचं सांगत होते आणि ती माझ्याकडे बघत होती. मी खोटं बोलते आहे हे तिला कळलं होतं. ती गप्प का बसली, विचारलं. म्हणाली, 'तू इतकी रडत होतीस. मला वाटलं, मोठ्या माणसांना असं बोलावं लागत असेल.'

तर ऐका.

चार्जर त्यांच्या बॅगेत नव्हता. माझ्या खोलीत प्लगमध्येच होता.

जिभेखाली मारायचा स्प्रे माझ्या पर्समध्ये होता. ह्यांना वस्तू विसरायची सवय, म्हणून त्यांचं सगळं माझ्या पर्समध्ये असायचं. चष्मा, किल्ल्या, स्प्रे. काउंटरवरून वळताना दशम्या आठवणीने दिल्या. पर्स माझ्या खांद्यावर राहिली. बसमध्ये कार्ड काढायला हात घातला तर तो हाताला लागला. विमान सुटायला सव्वा तास होता. पुढच्या स्टॉपवर उतरून परत जाता आलं असतं. नुसता तुम्हाला फोन केला असता तरी झालं असतं. 'भावजी, ह्यांना हा आजार आहे, औषध घ्या तिथे.' मी बटण दाबलं नाही. वरच्या मजल्यावर, पुढच्या सीटवर बसून मी काय विचार केला सांगू? 'आठवू दे त्यांनाच. बायको राहिली हे आठवलं नाही, निदान हे तरी आठवेल.'

तुम्ही गेलात त्या शुक्रवारी संध्याकाळी त्यांचा फोन दोनदा आला. समोर टेबलावर वाजत होता. मी पुस्तक वाचत होते. वाजून वाजून थांबेपर्यंत मी पान उलटलं नाही, तेवढंच.

शनिवारी दुपारी मेसेज आला. पाठ आहे. 'स्प्रे तुझ्याकडे राहिला ना? हरकत नाही, दोन दिवसांचा प्रश्न आहे. इथे काय बर्फ पडतोय! तू हवी होतीस.'

मी लिहिलं, 'मजा करा.'

पंचवीस वर्षांचा संसार, आणि माझे शेवटचे शब्द हे दोन. 'जपा' नाही, 'गिरीशला सांगा' नाही. मजा करा.

मैत्रेयी म्हणाली, उत्तर आलं तसे ते हसले. तिला फोन दाखवला आणि म्हणाले, 'बघ, तुझी काकू अजून एअरपोर्टवरच उभी आहे.' मग म्हणाले, 'उद्या वर जाऊन तिला झकास फोटो पाठवू. मग बघ कशी विरघळते. बाबाला बोलू नको, नाहीतर तो म्हणेल थंडी आहे, नको. मी त्याच्याच तोंडून वदवतो.' आणि संध्याकाळी जेवताना तुमच्यासमोर तीनदा म्हणाले, वरून काय दिसत असेल नाही? तीनदा. मैत्रेयीने मोजलं होतं. तेव्हा कुठे तुम्ही म्हणालात, 'चल दादा, उद्या वर जाऊ.'

तुम्ही त्यांना नेलं नाहीत, भावजी. ते माझा राग घालवायला गेले.

मी दहावी शिकलेली बाई. वाचायला लागले ते दुकानातून सामान बांधून येणाऱ्या कागदांवर. इथल्या लायब्ररीत हृदयावरची तीन पुस्तकं आहेत, ती मी शब्दकोश घेऊन वाचली. जोराचा झटका असला तर स्प्रेचा उपयोग झाला असता की नाही, याबद्दल तिन्ही पुस्तकं 'कदाचित' म्हणतात. हा शब्द मी पेन्सिलीने अधोरेखित केला, लायब्ररीचं पुस्तक असून. कुणाला सुटका करून घ्यायची असेल तर त्या शब्दात जागा आहे. मला नको. तुम्हाला हवी असेल तर तुमच्यासाठी ठेवली आहे.

मैत्रेयीला मी बसपर्यंत सोडलं. निघताना म्हणाली, 'काकू, तू बाबांना सांगशील की मी सांगू?' मी म्हटलं, मी सांगते. म्हणाली, 'नक्की?' ह्यांनी विचारलं होतं तशीच मान तिरकी करून. या वेळी मी खरं उत्तर दिलं.

कामावर जा.

प्रमोदिनी वहिनी


क्लोनडॉकिन,
२४ एप्रिल २०१९

भावजी,

पूर्णिमाचा मेसेज आला. 'ताई, हे म्हणतात, या वेळी तुम्ही राहू द्या. आम्ही तिघं जाऊन येतो. एकच विचारायला सांगितलंय. तीन वर्षं?'

बरोबर आहे. मी तुमच्या जागी असते तर एवढंही विचारलं नसतं.

पासपोर्ट परत आला आहे. व्हिसा मिळाला. चांगला चकचकीत आहे, फोटोत मी चोरासारखी दिसते. गेल्या खेपेला व्हिसा नव्हता आणि तुम्ही सगळे नेणार होतात. या खेपेला व्हिसा आहे.

आता तुमचा प्रश्न. तीन वर्षं का. मी सतरा दिवस या प्रश्नाची वाट बघत होते, आणि आला तेव्हा पोळी तव्यावर करपली.

लाज वाटली, भीती वाटली, हे सगळं खरं, पण तेवढ्याने तीन वर्षं जात नाहीत. लाज दोन महिन्यांत जुनी होते. खरं कारण दुसरं आहे. तुमच्यावर दोष होता तोपर्यंत मी नुसती विधवा होते. लोक यायचे, हात हातात घ्यायचे, 'दिराने घात केला हो' म्हणायचे, मी मान खाली घालायचे. विधवेचं दुःख लोकांना कळतं. त्याला जागा देतात, डबा आणून देतात. तुम्हाला मोकळं केलं असतं तर मी कोण उरले असते? जिने नवऱ्याचं औषध खांद्याला अडकवून घरी आणलं ती. तिच्याकडे कुणी डबा घेऊन येत नाही.

आणि अजून एक, हे लिहायला सगळ्यात जड जातंय. तुमचा राग केला की ह्यांच्यावर रागवावं लागायचं नाही. 'नक्की?' विचारून ते गेले. मला ते आवडलं नव्हतं. मेलेल्या माणसावर रुसून बसता येत नाही, म्हणून तुमच्यावर रुसले.

तुम्ही तीन वर्षं माझ्यावरचं ओझं वाहिलंत आणि ते कुणाचं हेही तुम्हाला माहीत नव्हतं. माफी मागत नाही. माफी मागितली की समोरच्याला काहीतरी द्यावं लागतं. तुम्ही पुष्कळ दिलंय.

जा तुम्ही तिघं. वर जपून चाला.

प्रमोदिनी


क्लोनडॉकिन,
५ मे २०१९, रविवार

भावजी,

हे पत्र तुम्ही घरी आल्यावर दोन दिवसांत दारातल्या मॅटवर पडेल. आज दुपारी फोनवर काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, तरी लिहिते. माझं बोलणं कागदावर आल्याशिवाय मला ते झालंसं वाटत नाही.

मैत्रेयीचा फोटो आला तेव्हा मी भांडी पुसत होते. लाकडी कठडा, त्यावर वीतभर बर्फ, पलीकडे काहीच नाही, नुसतं पांढरं. खाली लिहिलं होतं, 'काकू, बर्फ पडतोय.' मे महिना, आणि बर्फ. तो व्हरांडा मी ओळखला. कधी पाहिलेला नसून ओळखला.

मी फोन हातात घेतला आणि उत्तर लिहायला अंगठा ठेवला, तो रेघ पुसलेला अंगठा. आणि मला पुढे काही लिहिता येईना. काय लिहिणार? तीन वर्षांपूर्वी ह्याच व्हरांड्यातल्या मेसेजला मी काय उत्तर दिलं ते तुम्हाला आता माहीत आहे.

मग मी तुम्हाला फोन लावला. सहा वेळा वाजला. मी मोजलं. मला वाटलं, तुम्ही नाव बघून वाजू देताय, मी दिला होता तसा. तोही न्याय झाला असता.

तुम्ही उचलला. 'हॅलो' म्हणाला नाहीत. मागे कुठेतरी प्लेटा वाजत होत्या, पूर्णिमा कुणाला तरी चहा सांगत होती. मग दार लोटल्याचा आवाज आला आणि एकदम सगळं शांत. तुम्ही बाहेर व्हरांड्यात आला होतात.

मी काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं, शपथ. तोंडातून आपोआप आलं.

'भावजी, ह्यांना स्टेंट घातलेला आहे. तुम्हाला सांगितलं नव्हतं. त्यांचा स्प्रे माझ्या पर्समध्ये राहिलाय. त्यांना वर नेऊ नका. आत्ता खाली गावात डॉक्टरकडे न्या.'

मला वाटलं, फोन ठेवलात. वाटलं, वहिनीला वेड लागलं असं तुम्हाला वाटलं असेल. मी कानाला फोन लावून उभी राहिले. ओट्यावर तो स्प्रे होता, पर्समधून केव्हा काढला ते मला आठवत नाही.

मग तुम्ही नाक ओढलंत. आणि म्हणालात,

'बरं, वहिनी. नेतो.'

प्रमोदिनी